चौदा नंबरची सळी

शनिवार, ९ ऑक्टोबर २०१०

लझर,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे. बूजमानं फारेसला सळीचे सात घाव घातले असं मी लिहिलं होतं. त्यानं सहा घातले. पोलिसांच्या जबाबातही सातच आहेत आणि त्याखाली माझी सही आहे, म्हणून ही चूक आता तुझ्यामाझ्यापुरती राहिलेली नाही.

कशी झाली ते सांगते. लंबकाच्या प्रयोगात पहिल्या वर्षाची मुलं गोळा सोडतानाच 'एक' म्हणतात आणि वीस आंदोलनं म्हणून जी नोंदवतात ती एकोणीसच असतात. प्रयोगशाळेचे ताहरकाका मागून ओरडत असतात, "शून्य! सोडताना शून्य म्हण! अजून गेलाय कुठं तो?" बूजमानं हात उचलला तेव्हाच मी मनात 'एक' म्हटलं असणार. चार वर्षं दुसऱ्यांची ही चूक दाखवत आले आणि ऐन वेळी स्वतःच केली.

मी मोजत का होते, असं पोलिसांनी दोनदा विचारलं. तुला विचारावं लागणार नाही. गावावर गोळ्या सुटायच्या तेव्हा बाबा आपल्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसवून मोजायला लावायचे. घाबरले की मी मोजते.

जबाबातला आकडा मी अजून दुरुस्त केलेला नाही. एका घावानं काय फरक पडतो, असं स्वतःला सांगते. सहाही काही कमी नाहीत. मनगट मोडताना आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो, कोरड्या फांदीसारखा.

मागचं पत्र बाबांनी वाचून, स्वतः चिकटवून ट्यूनिसच्या टॅक्सीवाल्याकडे दिलं होतं. म्हणून ते तसं होतं, परक्या माणसाला बातमी कळवावी तसं. हे मी वसतिगृहातून थेट टॅक्सीतळावर नेऊन देणार आहे. फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय. बाबा गावात सगळ्यांना सांगतात की तू शनिवारीच, म्हणजे मारामारीच्या आदल्या दिवशीच, मामाकडे ट्यूनिसला गेलास. इतक्या वेळा सांगतात की न विचारणाऱ्यालाही सांगतात.

सत्र सुरू झालेलं नाही. विभागाच्या जाळीच्या दाराची साखळी पोलिसांनी कापली. ताहरकाकांनी रसायनशास्त्रातून आम्ल आणून फरशी धुतली, तरी सांध्यांमधला रंग गेला नाही. मुली तिथून उड्या मारत जातात. सूचनाफलकावर प्रात्यक्षिकांच्या गटांच्या याद्या तशाच आहेत. तुझं नाव तिसऱ्या गटात आलंय, गुरुवारी सकाळी. तुला नको होता तोच.

फारेस अजून शुद्धीवर आलेला नाही.

वसीला

गुरुवार, १४ ऑक्टोबर

लझर,

फारेस मंगळवारी गेला.

काल त्याचा जनाजा त्याच्या संघटनेच्या पोरांनी विद्यापीठाभोवती फिरवला. तीनशे तरी असतील. सहा वर्षं तो आपल्या विभागात नापास होत राहिला आणि काल सगळे त्याला 'विद्वान' म्हणत होते. विभागप्रमुख बेनशीख मॅडमची गाडी पेटवली. नापासांना वर ढकला म्हणून फारेस दार अडवून बसला होता आणि मॅडम ऐकत नव्हत्या, एवढाच त्यांचा गुन्हा. मग कोणीतरी ओरडलं की विभागाच्या आत बूजमा शिरला कसा, किल्ली कोणी दिली. ताहरकाका दारात उभे होते. त्यांना पट्ट्याच्या बकलांनी मारलं. ओठ फाटला, दोन दात गेले. मी वरच्या खिडकीत होते. मोजू लागले आणि कान झाकून घेतले.

संध्याकाळी काकांकडे गेले. ओठाला टाके होते.

"काका, मागचं दार मी उघडलं होतं."

"मला काय सांगतेस? मी म्हातारा माणूस, मला किल्ली आणि चमचा यातला फरक कळत नाही. असंच सांगितलं मी त्यांना."

"तुम्हाला मारलं त्यांनी."

"दातच गेले ना? तसेही ते कामचुकार होते. जा, अभ्यास कर. आणि तोंड बंद ठेव, सगळे दात आहेत तोवर."

आज सकाळी तपास न्यायाधीशांनी मला बोलावलं होतं. बाई आहेत, आवाज न चढवता बोलतात. डॉक्टरांचा अहवाल त्यांच्यासमोर होता. मनगट, कोपर, बरगड्या, खांदा, यातल्या कशानंही फारेस मेला नसता. डाव्या कानामागे एक घाव आहे, मागून घातलेला. तो त्यानं गेला.

"तुम्ही सात मोजलेत," त्या म्हणाल्या. "कानामागचा कितवा?"

"आठवत नाही."

"आकडा आठवतो आणि क्रम आठवत नाही?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की आता हा खुनाचा खटला आहे. बूजमा म्हणतो की तो आत आला तेव्हा फारेस आधीच डोकं धरून गुडघ्यांवर होता, पण बाहेरच्या एकाही मुलानं तसं पाहिलेलं नाही. सगळ्यांनी बूजमालाच मारताना पाहिलंय. आतली साक्षीदार मी एकटी. मी पाणी मागितलं. त्यांनी स्वतः उठून दिलं.

सळी त्यांच्या टेबलावर होती, प्लास्टिकमध्ये. खालच्या टोकाला पांढऱ्या रंगात १४ लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. दर सत्राच्या आरंभी लंबकाच्या स्टँडच्या सळ्या पुसून, मोजून, नंबर घालून ठेवायचं काम ताहरकाकांनी मला दिलंय हे तुला माहीत आहे. त्या रविवारी चौदापर्यंत झालं होतं. चौदावीचा रंग ओला होता.

तुझ्या उजव्या हाताला लागला असेल. मामींनी विचारलं का?

बुधवार, २० ऑक्टोबर

लझर,

नऊ तारखेच्या पत्रात दिलेलं कारण खोटं आहे. मी शून्यापासूनच मोजलं होतं. बूजमाचे सहा हे खरं, आणि एकूण सात हेही खरं.

काल बूजमाची आई आली होती. झुलिखा तिचं नाव. वाळवंटातल्या त्यांच्या गावाहून चौदा तास बसनं. तुरुंगात मुलाला भेटून ती थेट आमच्या वसतिगृहावर आली. पहारेकरी तिला आत सोडेना, म्हणून मी बाहेर गेले. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. तिच्या हाताला मेंदी होती, सणाची, उतरत आलेली.

"तूच का ती मोजणारी?" तिनं विचारलं.

"मावशी, चहा घेणार का?"

"चहा नको. माझ्या पोरानं त्याला मारलं हे मला ठाऊक आहे. त्याचं डोकं फिरलं की तो थांबत नाही, लहानपणी बकरीलाही तसाच मारायचा. आणि त्या मेल्यानं आधी त्याची दोन बोटं मोडली होती, खानावळीत, शंभर पोरांसमोर. मारलं ते मारलं. त्याची शिक्षा भोगेल. पण तो म्हणतो, मी गेलो तेव्हा तो आधीच पडला होता. खरं का?"

"तिथं फार गोंधळ होता."

"गोंधळात सात मोजलेस ना?"

मी फाटकाकडे बघत राहिले. ती रागावली नाही. पदराची गाठ सोडून खजूर काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला.

"मी त्याला विचारलं, मग कोण होता? तू पाहिलास ना त्याला? म्हणतो, दारात अंगाला घासून गेला. मग नाव घे की! तर म्हणतो, आई, त्याच्या घरचं मीठ माझ्या पोटात आहे. मी म्हटलं, मेल्या, आणि माझं दूध? ते काय गटारात गेलं?"

हे बोलताना ती हसली, लझर. मग म्हणाली, "इथं कोणाकडे जेवायला जायचा तो, तुला माहीत आहे? त्याच्याच खोलीत राहणाऱ्या एका मुलाचं नाव घ्यायचा, पण तो म्हणे त्या वेळी इथं नव्हताच."

बाबांनी गावात जे सांगितलं ते तिच्यापर्यंतही पोहोचलंय.

मी म्हटलं, "नाही मावशी, मला माहीत नाही." आणि बोलायला लागू नये म्हणून तो खजूर तोंडात घातला. गिळल्यावर लक्षात आलं मी काय केलं. मागच्या ईदला बूजमा आपल्याकडे आला, तुझ्यासमोर एका परातीत जेवला, यम्मानं पोटच्या पोरासारखा त्याच्या पुढ्यात मांसाचा मोठा तुकडा सरकवला. तेवढ्यावर तो खुनाचा आरोप अंगावर घेऊन बसलाय. आणि मी त्याच्या आईच्या हातचं खाऊन तिच्याशी खोटं बोलले.

आता सातही लिहिते, एकदाच.

जाळीपलीकडे फारेसची पोरं आमच्याकडे पाठ करून पट्टे फिरवत होती आणि बाकीची दगड मारत होती. फारेस आत, जाळीला तोंड करून ओरडत होता, "आज कोणी शिकणार नाही! ज्याला फारच खाज आहे त्यानं वसीलाच्या आईच्या स्वयंपाकघरात जावं! तिथं गणिताबरोबर रस्साही मिळतो!" बाहेर शिट्ट्या पडल्या. आपण दोघं शाळेऐवजी घरी शिकलो, याचा विनोद तो पहिल्या वर्षापासून करायचा. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तू मागच्या दारानं आलास, जे मी तुझ्यासाठीच उघडं ठेवलं होतं. टेबलावरून सळी उचललीस. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. तुझ्या आणि त्याच्या मध्ये दहा पावलं होती आणि मी "लझर" अशी हाकसुद्धा मारली नाही.

एक. मागून, कानामागे. अंड्यावर चमचा मारल्यासारखा आवाज, त्या सगळ्या आरड्याओरड्यात मला स्पष्ट ऐकू आला. तो गुडघ्यांवर बसला, नमाजाला बसावं तसा. सळी तुझ्या हातातून पडली. तू वळलास, दारात बूजमाला घासून गेलास आणि मला म्हणालास, "दार लाव." मी लावलं. किल्ली दोनदा फिरवली. बूजमानं एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा फारेसकडे, आणि वाकून सळी उचलली. पुढचे सहा त्याचे. तेव्हा बाहेरच्यांनी आत बघायला सुरुवात केली.

सात. पहिला तुझा.

रविवार, २४ ऑक्टोबर

लझर,

शुक्रवारी घरी गेले आणि बाबांना सांगितलं. ज्या टेबलाशी आपण शिकलो तिथंच. यम्मा पीठ मळत होती.

"बाबा, माझ्या जबाबात चूक आहे. ती दुरुस्त करायची आहे."

"राहू दे."

"तुम्हीच शिकवलंत की चुकलेला आकडा पुसायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि वर बरोबर आकडा लिहायचा."

"ते वहीचं होतं."

"न्यायाधीशांसमोर आहे तीही वहीच आहे."

बाबांनी मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. उघड्या हातानं, दोनदा, दुसरी कानावर बसली. मग अंगणात गेले आणि भिंतीवर कपाळ आपटू लागले. यम्मानं पिठाच्या हातांनी त्यांना धरलं, त्यांची दाढी पांढरी झाली. तिथूनच ती माझ्यावर ओरडली, "एकच मुलगा आहे मला! फारेसचे भाऊ दारात येतील तेव्हा कोणाला पुढे करू? ह्या म्हाताऱ्याला? की तुझ्या त्या वहीला?"

"यम्मा, बूजमाच्या आईलाही एकच आहे."

"मग तिनं सांभाळायचा होता!"

काल सकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. कपाळावर फडकं बांधलेलं. रात्रभर विचार करून आले होते. अगदी हळू बोलले, गणित समजावायचे तसे.

"तू ऐकणार नाहीस. मी तुला तसंच घडवलं, दोष माझा. जा तर मग. पण सगळं सांग. फारेसनं तुझ्या अंगाला हात लावला होता, हेही सांग. बहिणीच्या अब्रूसाठी भावानं हात उचलला म्हटल्यावर न्यायाधीशसुद्धा माणूसच आहे. शिक्षा निम्मी होईल. फारेसच्या भावांनाही मान खाली घालावी लागेल, ते आपल्या दारात येणार नाहीत. एवढं एक वाक्य बोल, बाकी मी काही मागत नाही."

त्यांना हे तूच सांगितलं असणार, त्या रविवारी दुपारी, टॅक्सीतळावर जाताना. आणि तुला सांगितलं मी.

म्हणून आता ते लिहायला हवं, जे कोणाच्याच जबाबात नाही.

गुरुवारी, ३० सप्टेंबरला, फारेस प्रयोगशाळेत आला. जाळीच्या दाराची किल्ली माग म्हणून त्याला संघटनेनं पाठवलं होतं. मी नाही म्हटलं. जुडगा माझ्या मुठीत होता. त्यानं जुडग्याची कडी धरली आणि हिसडा दिला. कडी माझ्या बोटातून निसटली, नखाजवळ खरचटलं. जाताना म्हणाला, "स्वयंपाकघराची ठेव हं, उपाशी राहशील." एवढंच. मागच्या दाराची किल्ली वेगळी होती, ती खिशात राहिली.

संध्याकाळी तू वसतिगृहाच्या फाटकाशी आलास. मी सांगितलं की फारेसनं किल्ली हिसकावली. तू म्हणालास, "मग काय करू? त्याच्या मागं तीनशे पोरं आहेत. देऊन टाकायची होतीस." तू जांभई दिलीस, लझर. दोन वर्षं तू परीक्षेत, विभागात, सगळीकडे अशीच जांभई देत होतास आणि मला तुझी लाज वाटत होती. म्हणून मी म्हटलं, "त्यानं मला धरलं." तू विचारलंस, "कुठं?" मी फक्त दंडावर हात ठेवला.

त्यानं मला धरलं नाही. कडी धरली. माझ्या दंडाला, अंगाला, कपड्याला त्याचा स्पर्श झाला नाही. मला फक्त तू रागवायला हवा होतास. तू त्याला सगळ्यांदेखत एक मुस्कटात मारशील, यापुढे मी विचार केला नव्हता. दार उघडं ठेवताना मात्र मला माहीत होतं की मुस्कटात मारायला कोणी मागच्या दारानं येत नाही.

ते वाक्य मी न्यायाधीशांसमोर बोलू शकत नाही. बोलले तर तुझी वर्षं कमी होतील आणि बाबांच्या दारात कोणी येणार नाही, हे दोन्ही मला मान्य आहे. मी शुक्रवारपासून काही खाल्लेलं नाही, फक्त हाच हिशोब करते आहे आणि प्रत्येक वेळी तो तुझ्या बाजूनं सुटतो. तरी फारेस मेलेला आहे आणि आपल्या बाजूनं बोलू शकत नाही. तो नीच होता, त्यानं बूजमाची बोटं मोडली, मॅडमच्या अंगावर थुंकला. हे मात्र त्यानं केलेलं नव्हतं.

मी न्यायाधीशांना सांगणार आहे की पहिला घाव तुझा आणि त्यानंच तो मेला. बूजमाचे सहा त्याचेच, ते मी कमी करणार नाही. दार मी उघडलं, मी लावलं, ताहरकाकांचा त्यात काही संबंध नाही. आणि मी तुला खोटं सांगितलं म्हणून तू आलास. शेवटचं बोलल्यावर त्या मलाही घरी सोडणार नाहीत बहुतेक. पिशवी भरून ठेवली आहे. ताहरकाकांसाठी सळ्यांची यादी लिहून टेबलावर ठेवली, चौदावी सोडून सगळ्या जागेवर आहेत.

बाबांना सांगितलं की मी ते वाक्य बोलणार नाही. ते बसमध्ये बसवायला आले, खिडकीतून भाकरी दिली आणि बस हलायच्या आधीच वळून चालू लागले.

हे वाचून तू मला शिव्या देशील. दे. यम्माला फोन करून माझं नाव टाकायला सांगशील, तेही सांग. पण मग बूजमा तिथं कोणत्या मिठासाठी बसलाय ते एकदा स्वतःला विचार. तू स्वतः आलास तर ती गोष्ट तुझ्या तोंडून सांगितली जाईल, माझ्या नाही, आणि न्यायाधीश दोन्हीत फरक करतात असं मी विचारून घेतलंय.

टॅक्सी बुधवारी निघते, म्हणजे गुरुवारी हे तुझ्या हातात असेल. शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी मी टॅक्सीतळावर येऊन थांबेन, सकाळपासून ट्यूनिसची शेवटची गाडी येईपर्यंत. सोमवारी एक नोव्हेंबर, राष्ट्रीय सण, कचेऱ्या बंद. त्या दिवशीही तिथंच असेन. त्यानंतर थांबणार नाही. मंगळवार, २ नोव्हेंबर, सकाळी नऊ, न्यायाधीशांची कचेरी.